गोठ्यातली मारुती

अप्पांची मारुती ८०० आंजर्ल्याच्या घरी जुन्या गोठ्यात जवळजवळ पाच वर्षं उभी होती. ती १६ फेब्रुवारी २०२५ला पुन्हा सुरू झाली आणि सप्टेंबरात तिचं पासिंगही झालं. कोकणात अशी बंद पडून राहिलेली गाडी प्रत्येक वाडीत एखादी तरी असते. मालक मुंबईला नाहीतर पुण्याला, नाहीतर थकलेला. आमचं काम सुरू झालं तेव्हा हात कुठून घालायचा हेच मला कळत नव्हतं. एक जण म्हणे बॅटरी बदल आणि मार सेल्फ, दुसरा म्हणे भंगारात दे. म्हणून जे जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

गाडी घेतली २०१०च्या दसऱ्याला. अप्पा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. बाजार, दवाखाना, दापोलीची बँक, लग्नकार्यं, सगळं तिच्यातूनच चालायचं. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागलं आणि ती गोठ्यात गेली. गुरं कधीच गेली होती, त्यामुळे जागा मोकळी होती. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या आगरातल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, त्यातली एक गोठ्यावर पडली. वासा मजबूत म्हणून गाडी वाचली, पण अर्धी कौलं गेली आणि दोन-तीन दिवस ती उघड्या पावसात राहिली. वीज नाही, फोन नाही, रस्ते बंद, अशात गाडीकडे कोण बघणार? कोणीतरी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि दोरीने आवळून बांधली. नंतर गोठ्यावर कौलं चढली, ताडपत्री मात्र तशीच राहिली.

इथेच आमची पहिली चूक झाली. ताडपत्री पाणी बाहेर ठेवते, तशीच दमट हवा आतही कोंडून ठेवते. समुद्र घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, म्हणजे ती हवा खारी. टपावरच्या रंगाला फोड आले होते आणि बोटाने दाबले की पापुद्रा निघून खालचा गंज दिसायचा. गाडी झाकायचीच असेल तर सुती कापडाचं कव्हर घाला. नाहीतर चांगल्या छपराखाली उघडी ठेवा, ते परवडलं.

२०२४च्या दिवाळीत मी घरी गेले तेव्हा भंगारवाला येऊन बारा हजार देतो म्हणून गेला होता. अप्पांना काचबिंदू. गाडी चालवणं त्यांनी लायसन्सची मुदत संपायच्या आधीच सोडलं होतं. संध्याकाळी ते अंगणात फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीत गोठ्याच्या खांबाला हात लावून वळतात. मी विचारलं, "अप्पा, देऊन टाकायची का?" बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दे. पण आधी एकदा चालू करून बघ. चालती गाडी द्यावी माणसाने."

दापोलीचे एक मेस्त्री आमच्या माहितीतले. पूर्वीही हीच गाडी बघायचे. त्यांना फोन केला तर पहिलं वाक्य, "ताई, चावी फिरवलीत काय?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला. "फिरवू नका. मी येईपर्यंत कोणालाच हात लावू देऊ नका." पाच वर्षांत सिलेंडरच्या आतल्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, दमट हवेने बारीक गंजही धरतो. तशात सेल्फ मारला तर पिस्टनच्या रिंगा भिंतीला ओरखडे पाडतात. शिवाय टाकीतलं सडकं पेट्रोल पुढे इंजेक्टरपर्यंत जाऊन बसतं. आत अडकलेलं काही असेल तर तेही तुटतं. बॅटरी उतरलेली होती हे आमचं नशीबच, नाहीतर शेजारच्या मुलांनी दिवाळीतच प्रयोग केला असता.

२८ डिसेंबरला, शनिवारी, मेस्त्री हत्यारांची पेटी घेऊन आले. ताडपत्री काढली आणि बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढून मेस्त्रींनी मला जवळ बोलावलं. आत फिल्टर दिसतच नव्हता. नारळाचा काथ्या, सुपारीची सालं आणि कालनिर्णयाच्या पानाचे कपटे, सगळं नीट गोल रचून उंदराने घर केलं होतं. मधोमध अर्धी कुरतडलेली सुपारी. कपट्यांवर तारखाही वाचता येत होत्या. डबा साफ न करता इंजिन सुरू केलं असतं तर हा सगळा काथ्या आत ओढला गेला असता. वायरिंग तीन ठिकाणी कुरतडलेलं होतं. मी मोबाइलवर प्रत्येक जोडणीचे फोटो काढत गेले. ते पुढे फार उपयोगी पडले, तुम्हीही काहीही सोडवायच्या आधी फोटो घ्या.

डॅशबोर्डच्या कप्प्यात अप्पांची खिशातली डायरी सापडली. पानं बुरशीने चिकटलेली, पण वाचता येण्याजोगी. भरलेल्या प्रत्येक पेट्रोलची नोंद त्यांनी केलेली होती. शेवटची ओळ : १५ मार्च २०२०, दापोली, ५०० रु., ४८,३१२ किमी. या डायरीने आमचे बरेच अंदाज वाचवले. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, क्लच कधी केला, सगळं तिच्यात होतं. टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या रबरी पट्ट्याचा, उल्लेख मात्र कुठेच नाही, म्हणजे तो १४ वर्षांचा. किलोमीटर कमी म्हणून चालेल असं मला वाटलं होतं. मेस्त्री म्हणाले, "रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं." बेल्ट पहिल्या यादीत गेला.

त्या दिवशी इंजिनाला फक्त तेल पाजलं. तिन्ही प्लग काढले, प्रत्येक भोकातून दोन-दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडलं, भोकांवर स्वच्छ फडकं कोंबलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रींनी क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावला आणि मला म्हणाले, "तुम्हीच फिरवा. जोर लावायचा नाही, अडलं तर थांबायचं." मी पाना धरला. आधी काहीच हललं नाही. मग पाव बोटभर सरकलं आणि पुन्हा अडलं. त्यांनी उलट्या दिशेने थोडं घ्यायला सांगितलं, परत पुढे. पाच-सहा वेळा असं मागेपुढे केल्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि पुली मऊपणे फिरायला लागली. प्लगच्या भोकातून फुसफुस हवा बाहेर आली. इंजिन जाम नव्हतं. त्या एका फेरीत माझ्या मनावरचं निम्मं ओझं उतरलं. ते जाम निघालं असतं तर मी तिथेच थांबले असते, हेही सांगायला हवं. मग खर्च कुठे जाईल याला धरबंध नसतो.

जानेवारी सगळा सुट्या भागांच्या मागे गेला. दर दुसऱ्या शनिवारी मी पुण्याहून ताम्हिणीतून यायचे, येताना पार्ट आणायचे. टाकीतून आठ-नऊ लिटर पेट्रोल निघालं. कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि वास पेट्रोलचा नाही, रोगणाचा. टाकी उतरवून धुतली. पंप टाकीच्या आत असतो, तो पूर्ण चिकटला होता, नवा घातला. रबरी नळ्याही सगळ्या बदलल्या, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. इंजेक्टर साफ करून घेतले. इंजिन ऑइल, कूलंट, फिल्टर, प्लग, बेल्ट नवे. टायर वरून धडधाकट दिसत होते, पण बाजूवरचा चार आकडी शिक्का ३११७, म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. वाकवून बघितलं तर भेगा. चारही बदलले. १२ इंची टायर दुकानात लगेच मिळत नाही, सांगून ठेवावा लागतो, माझे दहा दिवस त्यातच गेले.

सगळ्यात जास्त छळलं हँडब्रेकने. गाडी लावताना अप्पांनी सवयीने तो ओढून ठेवला होता. पाच पावसाळ्यांत मागचे ब्रेक शू ड्रमला जे धरून बसले, ते सुटायलाच तयार नाहीत. २५ आणि २६ जानेवारी असे दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारायचं, थांबायचं, लाकडी हातोडीने ड्रमच्या कडेने ठोकायचं, परत तेल. दुपारी आई चहा घेऊन आली आणि तिथेच पायरीवर बसून राहिली. उजवीकडचं चाक सुटलं तेव्हा आवाज एवढा झाला की आतून अप्पांनी विचारलं, "काय मोडलं?" काही मोडलं नव्हतं. पण आतले शू आणि चाकातले सिलेंडर गेलेच होते. पुढचे कॅलिपर उघडून साफ केले, मास्टर सिलेंडरला नवं किट घातलं, ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. क्लच प्लेटही चिकटलेली होती, तीही नवी. इंजिनाच्या आधी ब्रेक करायचे हा मेस्त्रींचा आग्रह होता आणि तो बरोबर होता. गाडी सुरू झाली की कोणालाही धीर राहत नाही, चार पावलं पुढे घेऊन बघावीशी वाटतेच.

१६ फेब्रुवारी, रविवार. नवी बॅटरी बसवली. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवला आणि मग सेल्फ मारला. म्हणजे इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही, आणि तेल सगळीकडे पोचतं. पाच-सात सेकंद मारायचं, थांबायचं. तिसऱ्या वेळी ऑइलचा लाल दिवा विझला. तेव्हा कुठे फ्यूज परत लावला.

अप्पांना आम्ही गोठ्याबाहेर खुर्ची टाकून बसवलं होतं. चावी माझ्या हातात. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा एकदा खोकली आणि बंद. तिसऱ्यांदा पेटली. मागून पांढरा धूर, त्यात जळक्या तेलाचा वास, गोठा भरून गेला. सिलेंडरमध्ये टाकलेलं तेल जळत होतं, ते अपेक्षित होतं. आई टाळ्या वाजवायला लागली. मी स्टिअरिंगला धरून बसले होते आणि माझे हात थरथरत होते. अप्पा मात्र मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. मग म्हणाले, "एक मारत नाहीये. दोनावर चाललीय." मेस्त्री हसले नाहीत, बॉनेटखाली वाकले. मधल्या प्लगची वायर उंदराने आतल्या बाजूने कुरतडली होती आणि ती आमच्या नजरेतून सुटली होती. वायर बदलल्यावर आवाज एकसारखा झाला. अप्पांनी मान सरळ केली. "आता बरोबर," म्हणाले, आणि उठून आत जाऊन झोपले. त्या दिवशी दुपारी ते तीन तास गाढ झोपले होते.

गाडी सुरू झाली म्हणजे रस्त्यावर आणता येते असं नाही. विमा २०२१मध्येच संपलेला होता. विम्याशिवाय पकडलं तर पहिल्या वेळी दोन हजार दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आणि खरी भीती दंडाची नाहीच, कोणाला धक्का लागला तर काय याची. मी फक्त थर्ड पार्टी घेतला, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा. १००० सीसीच्या आतल्या गाडीला हप्ता २,०९४ रुपये, जीएसटी धरून २,४७१. आधी मला जास्त रक्कम सांगितली होती, कारण त्यात मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा धरला होता. मालकाकडे चालू लायसन्स नसेल तर तो लागत नाही, अर्जात तसं लिहून द्यावं लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावावर गाडी असेल तर हे जरूर विचारा.

पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, नव्हती म्हणून गाडी चालवत न नेता टेम्पोत चढवून दापोलीला नेली, दोन हजार भाडं. तिथे पत्र्याचं काम केलं. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर खालचा रस्ता दिसत होता. सायलेन्सर हाताने दाबला की चुरा. नवा पत्रा जोडला, खालून सगळीकडे रंगाचा जाड थर मारून घेतला. समुद्रकाठच्या गाडीला हे काम टाळू नका, इंजिनापेक्षा आधी पत्रा मरतो. पीयूसीला पहिल्यांदा कार्बन मोनॉक्साइड जास्त आला. तिथल्या मुलाने गाडी नीट तापवून आणायला सांगितलं. गॅरेजच्या आवारातच मेस्त्रींनी अर्धा तास ती वेगवेगळ्या वेगात चालू ठेवली, प्लग पुसले, आणि दुसऱ्यांदा पास झाली. १२५ रुपये.

अशी ती शिमग्याच्या आदल्या आठवड्यात स्वतःच्या चाकांवर घरी आली. देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली त्या संध्याकाळी अप्पांना पुढच्या सीटवर बसवून घेऊन गेले. चालत जाणं त्यांना दोन वर्षं जमलं नव्हतं. ढोल जवळ आले तसं त्यांनी काच खाली करायला सांगितलं आणि हात बाहेर काढून ठेवला. ओळखीच्या माणसांनी तो येऊन येऊन धरला.

विकायचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. मात्र ऑक्टोबर २०२५ला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण आलं. त्याआधी नवी सुरक्षा नंबर प्लेट (एचएसआरपी) हवी, कारण १ एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना आपल्याकडे ती सक्तीची झाली आणि त्याशिवाय परिवहन कार्यालयातली (आरटीओ) बाकीची कामं अडतात. चारचाकीला ७४५ आणि जीएसटी, एकूण ८७९ रुपये. पण इथेच गाडं अडलं. २०१०च्या नोंदीत अप्पांचा मोबाइल नंबरच नव्हता, आणि ओटीपीशिवाय पान पुढे सरकत नाही. शिवाय आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, नाव आद्याक्षरांनी, आधारवर पूर्ण. अर्ज, आरसी आणि आधारच्या प्रती देऊन नंबर नोंदवून घेतला, त्यात तीन आठवडे गेले. तुमची गाडी अजून गोठ्यातच असली तरी हे काम आजच उरकून टाका. त्याला गाडी चालू लागत नाही. प्लेट मे महिन्यात खेडला जाऊन बसवली.

नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५, मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. आमची मुदत १७ ऑक्टोबर. मी ऑगस्टच्या शेवटी, गणपतीत घरी होते तेव्हा भरला. फी ५,००० रुपये, पेट्रोल गाडीचा पर्यावरण कर पाच वर्षांचा ३,०००, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. फॉर्मवर मालकाची सही लागते. अप्पांना रेघ दिसत नाही, सही वर चढते नाहीतर चौकटीबाहेर जाते. आईने रेघेखाली लाकडी पट्टी धरली, अप्पांनी पेन पट्टीला टेकवून सही केली. तीन प्रिंट फुकट गेल्या, चौथी जमली. अधिकारपत्रावरही तशीच.

१६ सप्टेंबरला पहाटे पाच वाजता रत्नागिरीच्या आरटीओला निघाले. गाडी समोर दाखवल्याशिवाय पासिंग होत नाही. सोबत मेस्त्रींचा मुलगा. खेडपासून हायवेला लागलो, चिपळूणपर्यंत धो धो पाऊस, काचेवर आतून वाफ. मी पन्नासच्या वर गेले नाही. कार्यालयात दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक, पट्टे बघितले. चासी नंबरचा पेन्सिलने कागदावर ठसा घेतात. तो नंबर बॉनेटखाली असतो आणि आमचा गंजाने भरला होता. आदल्या दिवशी रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने हळू घासून तो मोकळा केला होता. पॉलिशपेपर लावू नका, आकडा पुसट झाला तर नसतं दुखणं मागे लागेल. डावा इंडिकेटर भराभर लुकलुकत होता, म्हणजे मागचा बल्ब गेलेला. बाहेरच्या दुकानातून वीस रुपयांचा बल्ब आणला, लावला, परत रांगेत लागलो. दुपारी दोनला काम झालं. नवं आरसी कार्ड ९ ऑक्टोबरला पोस्टाने आलं, १७ ऑक्टोबर २०३०पर्यंत.

एकूण खर्च गाडीवर पंचावन्न हजारांच्या आसपास, कागदांवर साडेअकरा-बारा हजार. यात माझं येण्याजाण्याचं पेट्रोल धरलेलं नाही. सगळ्यात मोठा आकडा टायरचा, १०,४००, आणि मेस्त्रींची मजुरी ९,५००, जी त्यांच्या कष्टाच्या मानाने कमीच. एवढ्या पैशांत याच वयाची चालती गाडी कदाचित मिळालीही असती. तुमचा हिशेब तुम्ही करा, मी माझा केला होता.

आता मी नसताना शेजारचा मुलगा दर रविवारी गाडी हर्णैपर्यंत नेऊन आणतो. खाडीवरच्या पुलावरून जाताना अप्पा वारा कुठून येतोय ते सांगतात. एअर फिल्टरच्या डब्याशी डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधली आहे, ताडपत्री आगरात सुपारी वाळवायला गेली. डायरीत नोंदी पुन्हा सुरू आहेत, आईच्या अक्षरात. गोठ्यात लावताना हँडब्रेक ओढायचा नाही, पहिला गिअर टाकून ठेवायचा आणि मागच्या चाकाला चिऱ्याचा तुकडा लावायचा असं ठरलंय. इंजिन बंद झालं की अंगणातून अप्पांचा आवाज येतो, "चिरा लावलास का रे?" आणि "लावला" असं ऐकू येईपर्यंत ते तिथून हलत नाहीत.